वाडा पाडायच्या आधीचे सहा रोल: बडोद्यात १२० फिल्म घरी धुतली, त्याचा पूर्ण हिशोब

दांडिया बाजारातला आमचा वाडा मे अखेर रिकामा करून द्यायचा असं फेब्रुवारीत ठरलं, आणि त्याच आठवड्यात मी १२० चे, म्हणजे रुंद फिल्मचे, सहा रोल मागवले, ब्लॅक अँड व्हाइट, एचपी फाइव्ह प्लस नावाची फिल्म. मोबाइलवर फोटो काढायचे नव्हते असं नाही, ते तर शेकड्यांनी काढले, पण बाबांच्या ट्रंकेत याच वाड्याच्या चौकातल्या सहा बाय सहा सेंटीमीटरच्या निगेटिव्ह सापडल्या होत्या, पन्नास वर्षांच्या, कागदी पाकिटात नुसत्या ठेवलेल्या, आणि उजेडासमोर धरल्या तर आजीच्या लुगड्याचे काठ दिसत होते. वाड्याचं शेवटचं काम पण त्याच कॅमेऱ्यांवर करायचं हे तेव्हाच मनाशी ठरवलं.

कॅमेरे दोन. एक बाबांचा याशिका मॅट, वरून बघायचा, दोन लेन्सवाला. दुसरा त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतला आग्फा क्लिक थ्री, आणि हा तर बडोदेकरांनी जपून ठेवावा असा कॅमेरा आहे, कारण तो आग्फाच्या परवान्याने इथेच, बडोद्यात, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनायचा. एका काळी घरोघरी असलेला हा डबा आपल्या गावचा होता हे आज इथल्याच मुलांना सांगावं लागतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मुद्दा असा की फोटो काढणं सोपं, पण रोल धुणार कोण. आधी रावपुऱ्यात विचारलं, मग सयाजीगंज, मग अलकापुरी. बहुतेक ठिकाणी मान हलवून नाही. एका स्टुडिओत मात्र कलर रोलचं मशीन अजून अधूनमधून चालतं, तिथला माणूस फार अगत्याने म्हणाला, "आ तो कलरना मशीनमां नाखी दऊं बेन, आवी जशे." म्हणजे कलरच्या मशीनमध्ये टाकून देतो, येईल. मी रोल परत घेतला, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाने असा रोल परत घ्यावा. कलर निगेटिव्हची जी सी-४१ पद्धत असते तिच्यात शेवटी चांदी काढून टाकतात आणि फक्त रंग उरतो. आपल्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चित्रच चांदीचं असतं, त्यामुळे ती त्या मशीनमधून कोरी पारदर्शक पट्टी होऊन बाहेर येते. काही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म मुद्दाम सी-४१ साठी बनवलेल्या असतात, त्यांचं वेगळं, पण एचपी फाइव्ह त्यातली नाही. शिवाय बहुतेक छोटी मशीनं ३५ एमएमच्या बेताची, १२० ला त्यात वाटच नसते, कारण १२० ला डबी नाही, नुसती ६ सेंटीमीटर रुंदीची फिल्म आणि मागे काळा कागद, १९०१ मध्ये कोडॅकने ब्राउनीसाठी काढली तेव्हापासून तशीच.

म्हणून पहिला रोल बाहेरगावच्या एका लॅबला कुरिअरने पाठवला. नाव घेत नाही. धुणं आणि स्कॅन मिळून ७५० रुपये, जाऊन येऊन कुरिअर २५०, म्हणजे हजार. तीन आठवडे लागले, स्कॅन चांगले होते हे कबूल, पण निगेटिव्ह आल्या त्या कापताना कुणीतरी चौथ्या आणि आठव्या फ्रेमवरून कात्री चालवलेली. चौथी फ्रेम म्हणजे माजघराचं दार. मी फोन केला तेव्हा म्हणाले, स्कॅन तर आहे ना मॅडम. मला निगेटिव्ह हवी होती. पन्नास वर्षांनी कुणाला ट्रंकेत सापडायची आहे ती निगेटिव्ह सापडणार, स्कॅन नाही.

तोपर्यंत एप्रिल उजाडला, पाच रोल बाकी आणि वाडा पण बाकी थोडाच. मावसभाऊ नंदेसरीला एका केमिकल कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये आहे, त्याला मी जेवताना हे सगळं रडगाणं सांगत होते तर तो म्हणाला, "अगं त्या डेव्हलपरमध्ये असतं काय एवढं?" डेव्हलपर म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण. मी त्याला डी-७६ नावाच्या डेव्हलपरचा फॉर्म्युला दाखवला. कोडॅकचा, १९२७ सालापासूनचा, उघड छापलेला. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. त्याने वाचून कागद ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाला, "हे तर आपल्या गावात किलोवर मिळतं." आणि खरंच, बडोद्यासारख्या केमिकलच्या गावात बसून मी महिनाभर हा विचार केला नव्हता.

सायंटिफिक स्टोअरमधून चारही वस्तू आणल्या. मावसभावाने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते: "एआर ग्रेड कशाला, एलआर पुरे." एआर म्हणजे जास्त शुद्ध, महागडा ग्रेड, एलआर म्हणजे शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेचा ग्रेड, स्वस्त, आणि या कामाला व्यवस्थित चालतो. एकच जागा सांभाळा ती म्हणजे सल्फाइट. दुकानात पोऱ्याने पहिल्यांदा सोडियम सल्फेट काढून दिलं, बरणी तशीच, पावडर तशीच पांढरी, नावात एका अक्षराचा फरक. ते घालून डेव्हलपर बनवला असता तर मेटॉल सांभाळायला काही नाही, आणि दोष मी स्वतःच्या हातांना देत बसले असते. लेबल वाचा, सल्फाइट, आणि त्यावर अनहायड्रस, म्हणजे पाण्याचा अंश नसलेलं, असं लिहिलेलं हवं. मेटॉलने काहींच्या कातडीला त्रास होतो, म्हणून हातमोजे घालूनच.

विरघळवायचा क्रम पण ठरलेला आहे, साधारण ५० डिग्रीच्या पाण्यात आधी मेटॉल, मग सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, शेवटी बोरॅक्स. सल्फाइट भरपूर आधी टाकलं तर मेटॉल नीट विरघळत नाही, म्हणून मेटॉलच्या आधी सल्फाइटची नुसती चिमूट. दोन ग्रॅम मोजायला सोनारी छाप छोटा डिजिटल काटा घेतला, स्वयंपाकघरातला काटा दोन ग्रॅमला भरवशाचा नाही. पाणी आरओचं, आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर बसतो. दोन लिटर बनवला, काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरला, तारीख लिहिली. भरलेल्या बाटलीत सहा महिने टिकतो, अर्ध्या बाटलीत दोनच महिने, म्हणून मोठ्या एका बाटलीपेक्षा छोट्या चार बऱ्या.

मग फिक्सर, म्हणजे उरलेली चांदी काढून चित्र पक्कं करणारं द्रावण. त्याला साधा हायपो, सोडियम थायोसल्फेटचे खडे, लिटरला २५० ग्रॅम. मत्स्यालयाच्या दुकानात पण मिळतो, पाण्यातलं क्लोरीन मारायला वापरतात. हायपो विरघळताना पाणी एकदम गार पडतं, हाताला कळतं इतकं, म्हणून बाहेर थंडीच्या देशांत पाणी तापवून घ्यावं लागतं, मला एप्रिलमध्ये नळ उघडला की झालं.

आणि इथेच खरी अडचण. सगळ्या तक्त्यांमध्ये वेळ दिलेली असते २० डिग्रीला. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चारला थर्मामीटर घालून बघितलं तर ३९. पहाटे पाचला २९. गरम डेव्हलपरमध्ये वेळ इतकी कमी होते की ओतता ओतताच फिल्म एका बाजूला जास्त धुतली जाते, आणि फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगून मऊ पडतो, नखाने पण ओरखडा जातो. मी आधी बर्फावर भर दिला, बादलीत ट्रे भरभरून, तर डेव्हलपर १८ वर गेला आणि नंतर धुवायचं पाणी ३० चं, हा फरक अजून वाईट. सगळी पाणी एका पातळीवर हवीत, एकदोन डिग्रीच्या आत. उपाय निघाला तो आत्याच्या माठातून. ओसरीवरच्या माठातलं पाणी थर्मामीटरवर २५, सकाळ-संध्याकाळ जवळपास तेवढंच. मग मी दोन नवे माठ आणले, आदल्या रात्री भरून ठेवायचे, बाटल्या आणि जग त्याच पाण्याच्या टबात बुडवून ठेवायचे, वर बर्फाचे चारपाच खडे, की सगळं २४ वर येऊन थांबतं. एचपी फाइव्हला डी-७६ मध्ये तेवढंच पाणी घालून २० डिग्रीला ११ मिनिटं आहेत, २४ ला साधारण पावणेआठ. पाच मिनिटांच्या खाली वेळ जाऊ देऊ नये असं जे सांगतात ते त्यामुळे आपोआप सांभाळलं जातं. माठाचं पाणी फक्त फिल्म धुवायचा डबा गार ठेवायला आणि धुवायला, डेव्हलपरमध्ये आरओच.

हा डबा म्हणजे टँक, त्यात फिल्म रीलवर गुंडाळून ठेवायची, आत उजेड जात नाही. तो जुना घेतला, पॅटर्सनचा, रील लहानमोठं करता येणारा. १२० ला त्यात अर्धा लिटर लागतं, ३५ एमएमला २९० मिलीलिटरच, म्हणून स्वस्तात करायचं असेल तर ही गोष्ट हिशोबात धरा. एका रोलला २५० मिली डेव्हलपर आणि २५० पाणी, एकदा वापरून टाकून द्यायचं. म्हणजे एका लिटरमध्ये चार रोल. पाचशे ग्रॅम सल्फाइटमध्ये पाच लिटर, म्हणजे वीस रोल, आणि बाकीच्या पावडरी त्याच्या कितीतरी पुढे पुरतात.

आता कुठला रोल आधी धुवायचा, हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा निर्णय होता. पाच रोलमध्ये एक क्लिक थ्रीवरचा, नुसता बाहेरचा, गल्ली, दर्शनी लाकडी खांब, पायऱ्या. क्लिकच्या शटरला वेग एकच, आणि ४०० ची, म्हणजे उजेड पटकन पकडणारी, फिल्म त्याला उन्हात झेपत नाही, म्हणून ते सगळे फ्रेम सकाळी सातच्या आत काढलेले, आणि मागच्या लाल खिडकीवर काळी टेप, नंबर बघण्यापुरती उचलायची, कारण ती खिडकी लाल उजेड न दिसणाऱ्या जुन्या फिल्मच्या जमान्यातली आहे. हा रोल बिघडला असता तर दुसऱ्या दिवशी परत काढता आला असता. म्हणून आधी तो. आत्याचे फोटो असलेला रोल सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे लग्नाचे, कुणी गेलेल्या माणसाचे रोल असतील तर कृपा करून पहिला हात त्यांच्यावर साफ करू नका.

रील भरायचा सराव आधी उजेडात केला, बाबांच्या ट्रंकेतला एक ओर्वोचा जुना रोल होता, कधीचा बाद झालेला, तो वीसेक वेळा भरला असेन. मग डोळे मिटून. मग रात्री कोठीच्या खोलीत, दाराच्या फटीला गोधडी लावून. चेंजिंग बॅग, म्हणजे हात आत घालून रोल भरायची उजेडबंद पिशवी, मैत्रिणीने देऊ केली होती, पण एप्रिलमध्ये त्यात हात घातले की पाच मिनिटांत घाम सुटतो आणि ओलसर बोटाला फिल्म चिकटते, मोकळा अंधार बरा. अंधारात काय होतं सांगते: कागद उलगडत जातो, खरखर करत, थोड्या वेळाने बोटाला कागदाखाली दुसरं काहीतरी लागतं, गुळगुळीत, अंगचीच वळलेली, ती फिल्म. ती कागदापासून वेगळी होऊन हातात स्वतःभोवती गुंडाळत राहते. शेवटी ती कागदाला टेपने चिकटलेली असते, ती टेप झटक्याने ओढू नका, अंधारात बारीक निळी ठिणगी दिसते. मी टेप काढून फेकत नाही, फिल्मच्या टोकावरच दुमडते, टोक कडक होतं आणि तेच टोक रीलमध्ये सरळ जातं. रील ठणठणीत कोरडं हवं. एवढंच, आणि घाई नको.

पहिला रोल निघाला तेव्हा मी बाथरूममध्ये बादलीवर बसून होते. फिक्सरच्या दहा मिनिटांनंतर झाकण उघडलं, रीलवरून फिल्मचं टोक सोडवलं आणि ट्यूबलाइटसमोर धरलं, तर वाड्याचे खांब पांढरे आणि आकाश काळंकुट्ट, बारा चौकोन एकाखाली एक. आई दारात उभी होती, ती म्हणाली, "अगंबाई, आलं की." तीन फ्रेमवर चंद्रकोरीसारख्या काळ्या खुणा होत्या, भरताना फिल्म मुडपली त्याच्या, आणि एका कडेला बुडबुड्यांचे गोल डाग. पुढच्या वेळी ओतल्यावर लगेच टँक ओट्यावर दोनदा ठोकला, बुडबुडे सुटले.

दुसरा, तिसरा नीट. चौथ्यात चूक झाली आणि ती माझीच. आधीच्या रोलनंतर रील पुसून लगेच दुसरा भरायला घेतला, कुठेतरी ओल राहिली, फिल्म अर्ध्यात अडली, मी जोर लावला. दोन वळसे एकमेकांना चिकटले. धुऊन निघालं तेव्हा अकरावी फ्रेम जवळपास सगळी दुधाळ, तिथे डेव्हलपर पोचलाच नाही. परत फिक्स केल्यावर दूध गेलं, पण खाली काहीच नव्हतं. ती आजीच्या चुलीची फ्रेम होती, आणि चूल दोन दिवसांपूर्वीच काढून नेलेली. तेव्हापासून एका रात्री एकच रोल, रील धुऊन दुसऱ्या दिवशीपर्यंत पंख्याखाली.

धुण्याला पाणी वाहतं सोडायची गरज नाही. फिक्सरनंतर दोन टक्के सल्फाइटच्या पाण्यात दोन मिनिटं, तेच आपलं सल्फाइट, मग टँक भरून पाच वेळा उलटसुलट, पाणी बदलून दहा वेळा, परत बदलून वीस वेळा. शेवटचं पाणी आरओचं, त्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब, नाहीतर बोअरच्या पाण्याचे डाग निगेटिव्हवर कायमचे बसतात. बाथरूममध्ये आधी गरम पाणी सोडून वाफ करायची, धूळ खाली बसते, मग कपड्याच्या चिमट्याने टांगायची, खाली अजून एक चिमटा वजनाला. पंखा बंद. वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका, त्यात चांदी असते, मी कॅनमध्ये साठवते आणि जुने एक्सरे विकत घेणारे जे भंगारवाले असतात त्यांच्यातला एक तो घेऊन जातो.

आता पैसे. टँक जुना १,८००, थर्मामीटर ३००, काटा ४००, जग आणि माठ २००, केमिकल सगळं मिळून १,९००. एकूण ४,६००. तेच पाच रोल एका पार्सलमधून लॅबला पाठवले असते तर ४,००० झाले असते. म्हणजे फक्त या पाच रोलपुरतं बघितलं तर घरी धुणं मला ६०० रुपये महाग पडलं, हे स्पष्ट लिहिते, कारण घरी केलं की फुकटात होतं असं जे सांगतात ते कुणी पहिल्या रोलचा हिशोब मांडत नाहीत. सहाव्या रोलला पैसे वसूल होतात, आणि तिथून पुढे केमिकलचा खर्च रोलमागे शंभरच्या आत. वर्षाला दोनच रोल काढणाऱ्याने चांगली लॅब शोधावी, चारपाच जणांनी मिळून एक पार्सल करावं आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहावं की निगेटिव्ह कापू नका, गुंडाळून पाठवा. आणि मे महिन्यात कुरिअर शुक्रवारी करू नका, शनिवार-रविवार पार्सल गोडाऊनमध्ये तापत पडतं.

स्कॅनिंगचे पैसे मात्र पूर्ण वाचतात. सहा बाय सहाची निगेटिव्ह एवढी मोठी की साध्या डिजिटल कॅमेऱ्याने पण तिचा फोटो उत्तम निघतो. मी टॅबलेटचा पांढरा स्क्रीन लावते, त्यावर दोन इंच उंचीवर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा, नाहीतर स्क्रीनचे ठिपके येतात, त्यावर निगेटिव्ह, वरून कॅमेरा स्टँडवर. कॉम्प्युटरवर उलटी करायची की झालं.

कलरचं विचाराल तर ते मी केलेलं नाही. सी-४१ ला डेव्हलपर ३७.८ डिग्रीला सव्वातीन मिनिटं लागतो, म्हणजे मजा बघा, जे पाणी मला नडलं तेच एप्रिलच्या दुपारी कलरला जवळपास जसंच्या तसं चालेल, पण ते केमिकल असं सुटं चार बरण्यांतून बनत नाही आणि बनवल्यावर टिकतही कमी. कलरचे रोल मी अजून बाहेरच देते.

फाइन आर्ट्सच्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी हे सगळं दाखवलं तर त्याने चित्रकार आणि छायाचित्रकार ज्योती भट्ट यांचं नाव काढलं. ज्योतीभाईंनी याच गावात राहून, इथेच शिकवून, गावागावांतल्या भिंतींवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या, घरं आणि माणसं अशी वर्षानुवर्षं फिल्मवर धरून ठेवली, त्यातलं कितीतरी आता त्या भिंतींवर उरलेलं नाही. माझा वाडा त्यापुढे एक घर आहे, पण आमच्यासाठी ते एकच आहे.

शेवटचा रोल २३ मे ला धुतला. त्यात आत्या झोपाळ्यावर, आत्या तुळशीपाशी, आणि माजघराचं दार परत, कारण त्याच्या निगेटिव्हवरून कात्री गेली होती. या वेळी जवळून घेतलं, याशिका एक मीटरवर, शटर केबलने. बाराच्या बारा स्वच्छ आल्या. निगेटिव्ह वाळल्यावर दाराची फ्रेम स्क्रीनवर मोठी केली तर चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा दिसायला लागल्या, खालून वर, प्रत्येकीपुढे एक अक्षर आणि साल. घरात एवढी वर्षं वावरून मला त्या कधी दिसल्या नव्हत्या, चौकट काळी पडलेली आणि तिथे नेहमी पडदा असायचा, फोटोसाठी तो मी पहिल्यांदाच काढला होता.

आत्याला लॅपटॉपसमोर बसवलं. तिने चष्मा वर-खाली केला, बोट स्क्रीनला जवळजवळ टेकवलं आणि एकेक वाचत गेली, "हा तुझा बाबा, सदुसष्ट. ही मी, मी तेव्हा त्याच्याहून उंच होते बघ. हा नाना." मग सगळ्यात खालच्या रेघेशी थांबली, अक्षर पुसट होतं. "अजून मोठं होतं का गं हे?" म्हणाली. होत होतं.